विद्यार्थ्यांचे यश आणि मनःस्वास्थ्य : संशोधन काय सांगते, आपण काय करू शकतो

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की दवाखान्यातील गर्दीचे स्वरूप थोडे बदलते, हे पेडणे आणि डिचोली तालुक्यांत व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांना वेगळे सांगायला नको. ताप-खोकल्याच्या रुग्णांबरोबर पोटात दुखणारी, सकाळी उठताच मळमळणारी, डोके धरून बसणारी, रात्री झोप न लागणारी मुले येऊ लागतात. सोबत आलेली आई बहुधा दोन गोष्टी मागते : दुखणे थांबवणारी गोळी आणि स्मरणशक्ती वाढवणारे टॉनिक. तपासणीत विशेष काही आढळत नाही. आपण औषध लिहून देतो आणि पुढचा रुग्ण आत येतो. त्या पाच मिनिटांत मुलाच्या मनाविषयी एकही प्रश्न विचारला गेलेला नसतो.

विद्यार्थ्याचे शैक्षणिक यश आणि त्याचे मनःस्वास्थ्य यांच्या परस्परसंबंधाविषयी गेल्या काही दशकांत जे संशोधन झाले, त्याचा थोडक्यात आढावा घेणे आणि आपल्या भागातील डॉक्टरांना, पालकांना व शिक्षकांना त्यातून काय उचलता येईल हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. या संशोधनाचा एक महत्त्वाचा भाग आपल्या गोव्यातच झाला आहे, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना फारशी ठाऊक नसावी.

गुण आणि मन यांचा संबंध

आपल्या समाजात अशी एक समजूत रूढ आहे की, आधी गुण मिळवावेत, मनाचे लाड नंतर करता येतील. संशोधन या समजुतीला दुजोरा देत नाही. २०११ साली जोसेफ डर्लाक व त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळांतून राबवलेल्या २१३ कार्यक्रमांच्या निष्कर्षांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. या कार्यक्रमांत मुलांना भावना ओळखणे, राग आवरणे, मतभेद मिटवणे, निर्णय घेणे अशी कौशल्ये शिकवली गेली होती. एकंदर २,७०,०३४ विद्यार्थ्यांचा त्यात समावेश होता. अशा कार्यक्रमांतील मुलांचे वर्तन सुधारले, मानसिक त्रास कमी झाला; त्याचबरोबर शैक्षणिक कामगिरीही इतर मुलांच्या तुलनेत सरासरी ११ शतमकांनी वरच्या स्थानावर गेली. यातील बहुतेक कार्यक्रम अमेरिकेतील होते, त्यामुळे आकडा जसाच्या तसा आपल्याला लागू करता येणार नाही. पण मनाकडे लक्ष दिल्याने अभ्यासाचा वेळ वाया जातो, हा आक्षेप मात्र टिकत नाही.

ताण अजिबात नसावा, असाही याचा अर्थ नाही. येर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून पुढे आलेला नियम सर्वांना परिचित आहे : थोडी उत्तेजना कार्यक्षमता वाढवते, ती मर्यादेपलीकडे गेली की कार्यक्षमता घसरते, आणि काम जितके अवघड तितकी ही मर्यादा लवकर येते. परीक्षेच्या भीतीविषयी १९६७ साली लीबर्ट आणि मॉरिस यांनी एक उपयुक्त भेद केला. या भीतीत दोन घटक असतात. एक शारीरिक, म्हणजे धडधड, घाम, हातांची थरथर. दुसरा वैचारिक, म्हणजे 'मला येणार नाही', 'घरी काय सांगू' अशा विचारांची मनात चाललेली अखंड रांग. गुणांवर अधिक परिणाम होतो तो दुसऱ्या घटकाचा. कारण मनाची तात्पुरती स्मृती मर्यादित असते. काळजीने तिची जागा अडवली की गणिताची पायरी ठेवायला तेथे वाव उरत नाही. घरी सर्व येते आणि पेपरात काही आठवत नाही, ही पालकांची तक्रार म्हणूनच बहुतेक वेळा खरी असते. तो मुलाचा आळस नसतो किंवा बहाणाही नसतो.

गोव्यातील संशोधन

गोव्यात या विषयावर सातत्याने काम केले ते 'संगाथ' या संस्थेने. मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली ही संस्था स्थापन केली. आरंभी तिचे मुख्य क्षेत्र बालविकास व कुटुंब मार्गदर्शन हे होते. पुढे तिच्या अभ्यासांनी जागतिक वैद्यकीय नियतकालिकांत स्थान मिळवले.

२००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गोव्यातील १२ ते १६ वयोगटातील २,०४८ मुलामुलींची पाहणी करण्यात आली. निदान करण्याजोगा मानसिक विकार असलेल्यांचे प्रमाण सुमारे १.८ टक्के, म्हणजे इतर अनेक देशांतील आकड्यांहून बरेच कमी आढळले. ज्या मुलांना विकार होता, त्यांच्यात अभ्यासातील अडचणी, मारहाण वा शिवीगाळ, परिसरातील असुरक्षितता, तंबाखूचे सेवन आणि पारंपरिक चाकोरीबाहेरची जीवनशैली या गोष्टी अधिक दिसल्या. याउलट ज्या मुलांचा मुख्य आधार कुटुंब हा होता, त्यांच्यात विकारांचे प्रमाण कमी होते. एका वेळच्या पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे आपण जाणतोच. अभ्यास जमत नाही म्हणून मन खचते की मन खचले म्हणून अभ्यास जमत नाही, हे अशा पाहणीतून ठरत नाही. बहुधा दोन्ही खरे असावे. कुटुंबाच्या आधाराविषयीचा निष्कर्ष मात्र आपल्यासारख्या घट्ट नात्यांच्या समाजाने मनावर घ्यावा असा आहे.

दुसरा अभ्यास २००९ सालचा आहे आणि तो अस्वस्थ करणारा आहे. गोव्याच्या शहरी व ग्रामीण भागांतील १६ ते २४ वयोगटातील ३,६६२ युवक-युवतींपैकी १४४ जणांनी, म्हणजे ३.९ टक्के व्यक्तींनी, मागील तीन महिन्यांत आत्महत्येचा विचार, बेत वा प्रयत्न यांपैकी काही ना काही घडल्याचे सांगितले. मुलींमध्ये हे प्रमाण अधिक होते, आणि त्याचा निकटचा संबंध होता तो मानसिक क्लेश व हिंसेशी. देशाचे चित्र पाहिले तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली.

म्हणजे निदान करण्याजोगा विकार असलेली मुले थोडी आहेत. पण विकार नसूनही तीव्र त्रासातून जाणारी मुले बरीच आहेत. विकार असलेल्यांना तज्ज्ञ हवा. उरलेल्यांना प्रथम हवे असते ते ऐकून घेणारे माणूस.

आपल्या दोन तालुक्यांची परिस्थिती

पेडणे व डिचोलीतील मुलांचा ताण समजून घेताना तीन गोष्टी विचारात घ्याव्या लागतात.

पहिली गोष्ट भाषेची. आपल्याकडील असंख्य मुले घरी कोकणी बोलतात, सरकारी प्राथमिक शाळेत मराठीतून शिकतात आणि पाचवीत गेल्यावर त्यांचे गणित, विज्ञान, इतिहास एकाएकी इंग्रजीत येतात. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९पासून मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. नव्या भाषेत बोलण्यापुरते प्रावीण्य मुलाला साधारण दोन वर्षांत येते. परंतु त्या भाषेत विषय समजून घेऊन विचार मांडण्याइतकी पकड यायला पाच ते सात वर्षे लागतात. पाचवीपासून सात वर्षे मोजली तर मूल बारावीत पोचते. म्हणजे दहावीच्या परीक्षेला बसताना आपली कित्येक मुले अजून भाषेशीच झगडत असतात. चौथीपर्यंत हुशार म्हणून नावाजलेले मूल सहावीत मागे पडले, तर ते 'बिघडले' असे ठरवण्यापूर्वी हा हिशेब मांडावा. तेच प्रश्न त्याला मराठीतून वा कोकणीतून विचारून पाहावेत. उत्तर येत असेल तर अडचण बुद्धीची नाही.

या ठिकाणी वाचनदोषाचाही विचार करावा लागतो. विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे आणि अशा विद्यार्थ्यांना गोवा शालान्त मंडळाच्या परीक्षेत सवलती मिळतात. परंतु निदान करताना मूल ज्या भाषेत व लिपीत वाचायला शिकले त्या भाषेतही त्याची चाचणी व्हायला हवी. ज्याला केवळ इंग्रजी वाचताना अडखळायला होते आणि देवनागरी सहज वाचता येते, त्याची गरज वेगळी असते. दोन्ही लिप्यांत जो अडखळतो, अक्षरे गाळतो, वर्षानुवर्षे ओळीवर बोट ठेवून वाचतो, त्याला तज्ज्ञांकडे पाठवण्यात विलंब करू नये.

दुसरी गोष्ट खाणींची. डिचोली तालुक्यातील गावांची कित्येक दशकांची मिळकत खाणींवर अवलंबून होती. २०१२ साली खाणी थांबल्या, २०१४मध्ये निर्बंधांसह सुरू होण्याचा मार्ग खुला झाला आणि २०१८च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चपासून पुन्हा बंद पडल्या. त्यानंतर लिलावाचे नवे पर्व सुरू झाले; पण मधल्या वर्षांत कर्जाने घेतलेले ट्रक दारात उभे राहिले, घराघरांत हप्त्यांची चिंता शिरली. अशा परिस्थितीचा मुलांवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास अमेरिकेत झाला आहे. ग्लेन एल्डर यांनी १९३०च्या महामंदीत वाढलेल्या मुलांचा मागोवा घेऊन १९७४ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे रँड काँगर व त्यांनी मिळून आयोवा राज्यातील शेतीच्या अरिष्टात सापडलेल्या कुटुंबांचा अभ्यास केला. पैशाच्या तंगीची झळ मुलांपर्यंत पोचते ती प्रामुख्याने आईवडिलांच्या खचलेल्या मनातून, त्यांच्या आपसांतील भांडणांतून आणि मुलांवर निघणाऱ्या रागातून, असे त्यांना आढळले. मिळकत कमी होऊनही ज्या घरात संवाद टिकला, तेथील मुले बरीचशी सावरली. एल्डर यांच्या अभ्यासातील काही मोठी मुले तर घरची जबाबदारी उचलताना अधिक समर्थ झाली. म्हणून मुलाचे गुण घसरले की वडिलांची झोप कशी आहे, त्यांचे पिणे वाढले आहे का, हेही डॉक्टरांनी विचारावे. आपल्याकडे एकाच घरातील तिन्ही पिढ्यांचे रुग्ण येतात. शहरातल्या तज्ज्ञाला न मिळणारी ही सोय आहे.

तिसरी गोष्ट पेडण्याची. किनाऱ्यावर मोरजी, मांद्रे, हरमलपर्यंत पसरलेले पर्यटन आणि आतल्या भागात डिसेंबर २०२२मध्ये उद्घाटन झालेला मोपाचा विमानतळ यांनी तालुक्याचे रूप झपाट्याने पालटले. हंगामात हाती पैसा येतो, रात्री उशिरापर्यंत जाग असते, आणि पुस्तक हातात धरून बसलेल्या मुलाला मित्राची नवी मोटारसायकल दिसत असते. शिकून काय मिळणार, हा त्याचा प्रश्न उर्मटपणाचा नसतो. त्याचे उत्तर त्याला खरोखर हवे असते. ते उत्तर भाषणातून देता येत नाही. नोकरी, व्यवसाय व पुढील शिक्षण यांची नेमकी माहिती आणि स्वतःचा कल ओळखायला मदत, म्हणजेच करिअर मार्गदर्शन, दहावीनंतर न देता नववीतच मिळायला हवे.

पोटदुखीची भाषा

मुले आपला मानसिक त्रास बहुधा शरीरातून सांगतात. ब्रिस्टल येथील बालरोगतज्ज्ञ जॉन ॲप्ली व नोरा नेश यांनी १९५८ साली १,००० शाळकरी मुलांची पाहणी केली, तेव्हा साधारण दर नऊ मुलांमागे एकाला वारंवार पोटदुखीचा त्रास असल्याचे दिसले. बहुसंख्य मुलांत कोणताही शारीरिक आजार सापडला नाही. दुखणे मात्र खरे होते. 'तुला काही झालेले नाही' हे वाक्य म्हणूनच अन्यायकारक ठरते. 'तुझे पोट दुखते हे खरे आहे. आतडे आणि मन यांचे नाते जवळचे असते. ते का दुखते ते आपण दोघे मिळून शोधू,' असे म्हटले तर मूल बोलू लागते.

अर्थात शारीरिक कारण आधी पाहिलेच पाहिजे. वजन घटणे, वाढ खुंटणे, झोपेतून उठवणारी वेदना, वारंवार उलट्या, शौचातून रक्त, सततचा ताप यांपैकी काहीही असल्यास तपासण्या टाळू नयेत. डोकेदुखीत डोळ्यांचा नंबर तपासावा. सतत थकलेल्या मुलीचे हिमोग्लोबिन पाहावे, कारण लोहाच्या कमतरतेने लक्ष लागत नाही. परंतु दुखणे शाळेच्या दिवशी सकाळी येत असेल, रविवारी नाहीसे होत असेल आणि सुट्टीत आठवतही नसेल, तर एकामागून एक तपासण्या करीत राहिल्याने मुलाची आपण आजारी असल्याची खात्री मात्र पटत जाते.

टॉनिकविषयी एक शब्द. निरोगी, नीट जेवणाऱ्या मुलाचे गुण एखाद्या टॉनिकने वाढतात, याला विश्वसनीय पुरावा नाही. ते लिहून दिल्याने आईचे समाधान होते; पण उणीव औषधाची आहे असा चुकीचा संदेश घरी जातो. त्याऐवजी झोपेची चौकशी करावी. १३ ते १८ वयोगटाला दररोज आठ ते दहा तास झोप आवश्यक मानली जाते. याच वयात शरीराचे घड्याळ निसर्गतःच उशिरा सरकते, त्यात मोबाइलची भर पडते आणि पहाटे शिकवणीसाठी उठावे लागते. शिकलेले पक्के होण्याची क्रिया झोपेत चालते. तेव्हा परीक्षेच्या आदल्या रात्री जागणे म्हणजे दिवसभर भरलेले धान्य रात्री भोक पडलेल्या पोत्यात ठेवण्यासारखे आहे.

अभ्यासाच्या रीतीतही सुधारणेला वाव असतो. रोडिगर व कार्पिक यांनी २००६ साली केलेल्या प्रयोगात एका गटाने उतारा दुसऱ्यांदा वाचला, दुसऱ्या गटाने तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत वाचणारे किंचित पुढे होते. आठवड्यानंतर मात्र पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होते आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. पुस्तक मिटून स्वतःला प्रश्न विचारणे, आणि एकाच दिवशी सहा तास घालवण्याऐवजी तोच वेळ आठवडाभर विभागणे, या दोन गोष्टी कोणत्याही महागड्या शिकवणीवाचून करता येतात. अभ्यास करूनही गुण पडत नाहीत म्हणून निराश झालेल्या मुलाला ही रीत दाखवणे, हेही एक प्रकारचे मानसिक उपचारच आहेत.

समुपदेशन म्हणजे काय

समुपदेशन म्हणजे उपदेश, हा गैरसमज अजून दूर झालेला नाही. शब्दातच उपदेश दडलेला असल्याने तो होतोही सहज. प्रत्यक्षात समुपदेशक सांगतो कमी आणि ऐकतो अधिक.

'संगाथ'च्या किशोरवयीनांसाठीच्या 'प्राइड' प्रकल्पात गोवा व दिल्ली येथे समस्या सोडवण्याची एक सोपी पद्धत विकसित झाली. तिच्या तीन पायऱ्या आहेत : समस्या नेमकी ओळखणे, पर्याय शोधणे, निवडलेला पर्याय करून पाहणे. समजा, दहावीतील एखादी मुलगी म्हणते, 'मला काहीच जमत नाही.' समुपदेशक तिला धीर देऊन थांबत नाही. 'काहीच' म्हणजे काय, हे विचारतो. बोलता बोलता कळते की, वर्गात इंग्रजीतून प्रश्न विचारण्याची तिला लाज वाटते आणि त्यामुळे विज्ञान मागे पडले आहे. आता समस्या हाताळण्याजोगी झाली. वर्ग सुटल्यावर शिक्षिकेला मराठीतून विचारणे, मैत्रिणीबरोबर बसणे, प्रश्न चिठ्ठीवर लिहून देणे, असे पर्याय ती स्वतः सुचवते. त्यांतील एक आठवडाभर करून पाहते आणि पुढच्या भेटीत काय झाले ते सांगते. जमले नाही तर दुसरा पर्याय घेते.

या पद्धतीची शास्त्रशुद्ध चाचणी दिल्लीतील सहा सरकारी शाळांतील २५० विद्यार्थ्यांवर झाली आणि तिचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. निम्म्यांना केवळ माहितीपुस्तिका मिळाल्या. निम्म्यांना पुस्तिकांबरोबर तीन आठवड्यांत प्रशिक्षित समुपदेशकाबरोबर चार-पाच छोट्या बैठका मिळाल्या. हे समुपदेशक मनोविकारतज्ज्ञ नव्हते. सहा आठवड्यांनंतर समुपदेशन मिळालेल्या मुलांना त्यांच्या मूळ समस्येचा त्रास लक्षणीय कमी वाटत होता. मानसिक लक्षणांच्या मोजपट्टीवर मात्र त्या टप्प्यावर ठळक फरक दिसला नाही. यश मर्यादित आहे, पण अल्प खर्चाचे आहे.

त्याहून मोठा प्रयोग बिहारमधील नालंदा जिल्ह्यात झाला. त्याची पूर्वतयारी गोव्यातील शाळांमध्ये झाली होती. ७४ शाळांतील या प्रयोगाचे निष्कर्ष २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. काही शाळांत बाहेरून नेमलेला प्रशिक्षित समुपदेशक होता, काही शाळांत तेच काम शिक्षकाकडे सोपवले होते. भित्तिपत्रक, मनातले लिहून टाकण्याची पेटी, मुलांचे गट आणि वैयक्तिक भेटी असे त्याचे स्वरूप होते. स्वतंत्र समुपदेशक असलेल्या शाळांतील वातावरण सुधारले, नैराश्याची लक्षणे, दादागिरी आणि हिंसा कमी झाली. शिक्षकांकडे काम दिलेल्या शाळांत असा परिणाम दिसला नाही. यात शिक्षकांची निंदा नाही. आधीच अनेक कामांनी वाकलेल्या आणि गुण देण्याचा अधिकार हाती असलेल्या व्यक्तीपाशी मूल मन मोकळे करील, ही अपेक्षाच अवघड आहे.

सर्व कार्यक्रम यशस्वी होतात असेही नाही. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतील आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या चाचणीत सुमारे निम्म्या शाळांत वर्गात ध्यानसजगतेचे पाठ दिले गेले. २०२२ साली निष्कर्ष आले तेव्हा नेहमीच्या शिकवण्यापेक्षा अधिक लाभ दिसला नाही. वर्षातून एकदा सभागृहात मुलांना बसवून प्रेरणादायी व्याख्यान देण्याची आपली प्रथा या संदर्भात तपासून पाहावी. गोव्यात शिक्षण विकास महामंडळामार्फत शाळांना समुपदेशक पुरवण्याची योजना आहे, ही जमेची बाजू आहे. २०२५च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत समुपदेशक वा तत्सम व्यक्ती असावी, असा निर्देश दिला. समुपदेशक शाळेत किती दिवस येतो, त्याला बसायला स्वतंत्र खोली आहे का, हे पालक-शिक्षक संघाने विचारायला हवे.

दवाखान्यात काय करावे

गोव्यातच प्रौढ रुग्णांवर झालेल्या 'मानस' चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले, एक मनोरंजक गोष्ट दिसली. सरकारी आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित समुपदेशकाची जोड दिल्यावर नैराश्य व चिंतेचे रुग्ण अधिक प्रमाणात बरे झाले. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक पडला नाही. तेथे समुपदेशकाविनाही रुग्ण चांगले सावरत होते. याचे एक संभाव्य स्पष्टीकरण असे की, ओळखीच्या डॉक्टरांचे वैयक्तिक लक्ष हेच तेथे समुपदेशनाचे काम करीत असावे. मुलांच्या बाबतीत ही ताकद आपण पुरेशी वापरत नाही.

त्यासाठी पुढील क्रम उपयोगी पडतो. बारा वर्षांवरील मुलाशी किमान पाच मिनिटे एकट्याशी बोलावे. पालकांना तशी पद्धत असल्याचे आधीच सांगावे. मुलीशी बोलताना परिचारिका जवळपास असावी. प्रश्न घरच्या बोलीत विचारावेत. सुरुवात घरापासून करावी, मग शाळा, मित्र, फावला वेळ, व्यसन, शेवटी मनःस्थिती. जे सांगशील ते तुझ्या संमतीविना बाहेर जाणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कोणी तुझ्यावर अत्याचार करीत असेल तर मला मदत बोलवावी लागेल, हे आरंभीच स्पष्ट करावे. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार ती कळवणे आपल्यावर बंधनकारक आहे.

मूल खिन्न दिसत असेल तर 'जगू नये असे कधी वाटते का?' हा प्रश्न सरळ विचारावा. विचारल्याने तो विचार मनात भरवला जातो ही भीती निराधार आहे. न्यूयॉर्क राज्यातील सहा शाळांतील २,३४२ विद्यार्थ्यांच्या अभ्यासात, २००५ साली, असे प्रश्न विचारल्याने त्रास वाढल्याचे आढळले नाही. उत्तर 'होय' आले तर मुलाला एकटे सोडू नये, घरच्यांना विश्वासात घ्यावे आणि त्याच दिवशी तज्ज्ञांकडे पाठवावे. बांबोळीची इन्स्टिट्यूट ऑफ सायकियाट्री अँड ह्यूमन बिहेवियर आपल्यापासून फार दूर नाही. १४४१६ हा टेलि-मानसचा विनामूल्य क्रमांक ऑक्टोबर २०२२पासून उपलब्ध आहे; तो प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर असावा. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेली उदासी, शाळेत जाण्यास सततचा नकार, स्वतःला इजा करणे, व्यसन, झोप व भूक यांत मोठा बदल, ही देखील पुढे पाठवण्याची कारणे आहेत.

पालकांसाठी

गोव्यातील पाहणीत कुटुंबाचा आधार हा संरक्षक घटक ठरला, हे वर आलेच आहे. तो आधार रोजच्या लहान गोष्टींतून मिळतो. दिवसातून एक वेळचे जेवण एकत्र, मोबाइलविना. शाळेतून आल्यावर पहिला प्रश्न गुणांविषयीचा नको. शेजारच्या मुलाशी तुलना नको. बुद्धीची स्तुती करण्यापेक्षा प्रयत्नांची दखल घ्यावी; 'तू हुशार आहेस' ऐकलेली मुले अपयशानंतर लवकर माघार घेतात, असे म्यूलर व ड्वेक यांच्या १९९८च्या प्रयोगांत दिसले. भजन, नाटक, खेळ दहावीच्या वर्षी पूर्ण बंद करू नयेत. ज्या मुलाला वर्गात काही मिळत नाही, त्याला कधी कधी गावच्या भजनी मंडळात पेटीवर बसल्यावरच आपण कोणी तरी आहोत असे वाटते.

निकालाच्या दिवसाची तयारी निकालापूर्वी करावी. गुण कमी पडले तर काय करायचे, पुरवणी परीक्षा, दुसरी शाखा, व्यवसाय प्रशिक्षण, हे आधीच शांतपणे बोलून ठेवावे आणि मुलाला स्पष्ट शब्दांत सांगावे की काहीही लागले तरी तू घरी यायचे आहेस. हे वाक्य आपल्या मुलाला ठाऊकच असेल, असे गृहीत धरू नये.

डॉक्टरांच्या संघटनेला या कामात बरेच करता येईल. दोन्ही तालुक्यांतील प्रत्येक माध्यमिक विद्यालयाशी एका डॉक्टराची जोडणी करावी. शाळेचा समुपदेशक आणि तो डॉक्टर एकमेकांना नावाने ओळखत असावेत. परीक्षेपूर्वी पालकांची एक बैठक घ्यावी, तिच्यात झोप, अभ्यासाची रीत आणि धोक्याची चिन्हे एवढेच विषय ठेवावेत. निकालाच्या आठवड्यात सायंकाळी काही वेळ फोनवर उपलब्ध राहणाऱ्या सभासदांची यादी शाळांना द्यावी. यासाठी मोठा निधी लागत नाही. आणि पुढच्या परीक्षेच्या हंगामात पोट धरून एखादे मूल समोर बसले की, पोट तपासून झाल्यावर त्याला एवढेच विचारावे : 'शाळेत सगळे ठीक आहे ना? आणि घरी?' त्यानंतर काही क्षण आपण गप्प राहावे, म्हणजे त्याला उत्तर द्यायला वेळ मिळेल.